रेफर करण्याआधीची पंधरा मिनिटं

जत तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नुकतेच रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी विचारतात: "रात्रपाळीला मी आणि एक सिस्टर, एवढेच असतो. मोठ्या माणसांचं निभावून नेतो, पण गंभीर लहान मूल आलं की हात चालत नाही. बालरोगतज्ज्ञ इथे नाही. सरळ मिरजेला पाठवावं का? काही करत बसलो आणि तेवढ्यात उशीर झाला तर? शिवाय नातेवाईक अंगावर येतात ते वेगळंच."

पाठवाच. फक्त आल्या पावली पाठवू नका.

मी मिरजेत काम करते, म्हणजे तुम्ही पाठवलेलं मूल ज्या दारातून आत येतं त्या दाराशी. जतहून सुटलेली गाडी नागज फाटा, कवठेमहांकाळ करत आमच्यापर्यंत पोचायला दीड-दोन तास घेते. एवढ्या वेळात मुलाचं काय होणार, हे बऱ्याचदा गाडी सुटण्याआधीच ठरलेलं असतं. श्वासाची वाट मोकळी करणं, ऑक्सिजन लावणं, रक्तातली साखर बघणं, चालू असलेली आकडी थांबवणं आणि शॉकमधल्या, म्हणजे रक्ताभिसरण कोसळत चाललेल्या, मुलाला पहिलं सलाईन देणं, यातल्या एकाही गोष्टीला बालरोगतज्ज्ञ लागत नाही. पंधरा-वीस मिनिटं लागतात. ती वाचवून पाठवलेलं मूल आमच्याकडे लवकर पोचतं खरं, पण आकडी दोन तास चालू असलेलं, साखर ३० पर्यंत उतरलेलं असं पोचतं. मग आम्ही जे करतो ते तुमच्याकडेच व्हायला हवं होतं, आणि तेव्हा त्याचा उपयोग कितीतरी जास्त झाला असता.

आधी बघायचं कसं ते सांगते. स्टेथोस्कोप गळ्यातच राहू द्या. दारातून आत येताना मूल कसं दिसतंय, श्वास कसा घेतंय आणि रंग कसा आहे, हे अर्ध्या मिनिटात लांबूनच कळतं. एका वेळी दोन मुलं आली, एक बोंबलतंय आणि दुसरं आईच्या खांद्यावर मान टाकून पडलंय, तर खांद्यावरचं आधी घ्या. बोंबलणाऱ्याचे आईवडील भांडतील, भांडू देत. रडायला दम लागतो, आणि तो त्याच्यात आहे. आई म्हणते, "आत्ताच डोळा लागलाय, दुपारपासून नुसतं किरकिरत होतं." अशा वेळी मूल खरंच झोपलंय की मलूल पडलंय ते उठवून बघा. शीर शोधताना सुई टोचली तरी हात मागे न घेणारं मूल मला सगळ्यात जास्त घाबरवतं.

मग झबलं वर करा. मूल आईच्या मांडीवरच असू द्या, टेबलावर घेतलं की रडतं आणि मोजणी फुकट जाते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळं मध्येच थांबून श्वास घेतात. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. पण आकड्यापेक्षाही महत्त्वाचं आहे ते श्वास घेताना बरगड्यांखाली पडणारा खड्डा, फुललेल्या नाकपुड्या, श्वासागणिक हलणारं डोकं. आणि कण्हणं. प्रत्येक श्वास सोडताना 'हं, हं' असा बारीक आवाज येत असेल तर आईला वाटतं पोटात दुखतंय. ते फुप्फुस मिटू नये म्हणून मूल करत असलेली धडपड असते. त्याला आधी ऑक्सिजन, पुढचं सगळं नंतर.

पल्स ऑक्सिमीटरची मोठ्यांची चिमटी तान्ह्या बाळाच्या बोटावर नीट बसत नाही, काहीतरी आकडा दाखवते. लहान मुलांचा गुंडाळायचा प्रोब असेल तर पावलाला लावा आणि त्यावरची नाडी मुलाच्या खऱ्या नाडीशी जुळते का बघा. जुळत नसेल तर तो ९८ काही कामाचा नाही.

रक्तदाबावर विसंबू नका. मुलांचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकतो आणि मग एकदम कोसळतो. त्याआधी सांगतात ते हातपाय. तळव्यापासून वर हात फिरवत न्या, गारपणा घोट्याशी संपतो की गुडघ्याशी ते बघा. छातीच्या मधल्या हाडावर बोट पाच सेकंद दाबून सोडा. गेलेला रंग परत यायला तीन सेकंदांहून जास्त लागले, नाडी जलद आणि बारीक लागली, तर ते शॉक आहे, मग रक्तदाबाचं यंत्र काहीही म्हणो.

आता वजन. तुमचे हात चालत नाहीत त्याचं निम्मं कारण इथे आहे असं मला वाटतं. मोठ्यांना एक अँप्युल, एक बाटली हे हिशेब हाताला सवयीचे असतात. मुलांचा प्रत्येक डोस किलोवर. रात्री दोन वाजता, बाजूला आजी रडत असताना, दशांश चिन्ह एक घर इकडेतिकडे सरकायला वेळ लागत नाही. म्हणून गणित दिवसा करून ठेवायचं. ३, ५, १०, १५ आणि २० किलो असे पाच रकाने आखा, डोस मिलिलिटरमध्ये लिहा (मिलिग्रॅममध्ये लिहिलात की सिस्टरला पुन्हा गणित आलं), तुमच्याकडे प्रत्यक्ष येणाऱ्या अँप्युलची तीव्रता बघूनच लिहा, प्रमाण पुस्तिकेशी एकदा ताडून घ्या आणि इमर्जन्सी ट्रॉलीच्या वरच्या भिंतीवर चिकटवा. १० किलोचा रकाना मी सांगते. शॉकसाठी सलाईनचा पहिला हप्ता १०० ते २०० मिली. साखर कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज ५० मिली. आकडी थांबवायला नाकातून मिडाझोलाम २ मिलिग्रॅम, म्हणजे ५ मिलिग्रॅम प्रति मिली असलेल्या अँप्युलमधलं ०.४ मिली, दोन नाकपुड्यांत विभागून. तीव्र ॲलर्जीत १:१००० ॲड्रेनालिन ०.१ मिली मांडीच्या स्नायूत. हृदय थांबलं असेल तर १:१०,००० ॲड्रेनालिन १ मिली शिरेतून. पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम. १० टक्के डेक्स्ट्रोजची बाटली नसेल तर २५ टक्क्यांचं १० मिली आणि इंजेक्शनचं पाणी १५ मिली, झालं २५ मिली १० टक्के.

वजन विचारू नका, करा. बाळाचा काटा नसेल तर आई मुलाला घेऊन मोठ्या काट्यावर, मग मूल वडिलांकडे देऊन आई एकटी, आणि वजाबाकी. तेवढीही उसंत नसेल तर वयाला दोनने गुणून आठ मिळवा. एक ते पाच वर्षांसाठी हा अंदाज चालतो. चालतो म्हणजे धष्टपुष्ट मुलाला. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की ऊसतोड टोळ्यांच्या कोप्यांवरून जी मुलं येतात, त्यांना हे सूत्र लावलं तर वजन जास्तच निघतं. त्यांच्या दंडाला टेप लावा. सहा महिने ते पाच वर्षं वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी म्हणजे तीव्र कुपोषण, आणि मग सलाईनचे नियमही बदलतात, त्याकडे येतेच.

आकडी घेऊन आलेलं मूल तुम्हाला महिन्यातून कितीतरी वेळा बघावं लागेल. सहा महिने ते पाच वर्षं वय, ताप चढला आणि फिट आली. बहुतेक वेळा तुमच्या दारात येईपर्यंत ती थांबलेली असते. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरलेला असतो, चप्पल हुंगवलेली असते, दातात चमचा घातलेला असतो. चमचा तेवढा लगेच काढा, बाकीचं व्याख्यान दुसऱ्या दिवशी. कुशीवर वळवा, तोंडातला फेस पुसा, ऑक्सिजन लावा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेलेली किंवा दारातून आत येतानाही चालूच असलेली आकडी आपोआप थांबेल म्हणून वाट बघायची नाही. शीर शोधत बसायचं नाही. मिडाझोलाम नाकातून. फवारा वापरत असाल तर एका फवाऱ्यात किती मिलिग्रॅम ते बाटलीवर वाचा, सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. पाच मिनिटांत थांबली नाही तर आणखी एकदा. दुसऱ्या डोसनंतर श्वास मंदावू शकतो, म्हणून अंबू बॅग (मास्कमधून हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आधीच हाताशी.

आणि साखर. आकडी येणारं, मलूल पडलेलं, बेशुद्ध, कुपोषित किंवा दिवसभर काही न खाल्लेलं कुठलंही मूल असो, ग्लुकोमीटर आधी. एक थेंब रक्त आणि पाच सेकंद. सामान्य वाटणाऱ्या गोष्टींत जीव वाचवणारी याच्याइतकी स्वस्त गोष्ट कॅज्युअल्टीत दुसरी नाही, आणि बरोबर तीच रेफर चिठ्ठीवर लिहिलेली नसते. पट्ट्यांची मुदत संपलीय का ते उद्या सकाळी बघून घ्या.

श्वास थांबत आलेल्या मुलाला श्वासनलिकेत नळी टाकण्याचा हट्ट धरू नका. सवय नसेल तर तीन प्रयत्नांत घसा सुजतो आणि वेळ जातो तो जातोच. बॅग आणि मास्कने मिरजेपर्यंत मूल आणता येतं, लोक आणतातही. तान्ह्या बाळाचं डोकं मागून मोठं असतं, सपाट झोपवलं की मान पुढे वाकते. खांद्याखाली टॉवेलची घडी घाला, डोक्याखाली नको. मास्क नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत बसला पाहिजे, डोळ्यांवर येता कामा नये. छाती जेमतेम उचलेल एवढंच दाबा, दर दोन-तीन सेकंदांनी एक श्वास. मोठ्यांची बॅग मुलावर दाबली की हवा पोटात जाते, पोट फुगतं, मूल ओकतं. २५० आणि ५०० मिलीच्या बॅगा कपाटात कुलूपबंद असतील तर किल्ली कुणाकडे आहे ते आजच विचारा.

सलाईनबद्दल माझं मत जरा जुन्या लोकांना आवडत नाही. जुलाब-उलट्यांनी सुकून गेलेल्या मुलाला सढळ हाताने द्यायचं. डोळे खोल गेलेत, पोटावरची चिमूट सोडली तरी कातडी दोन सेकंदांनंतरही तशीच उभी राहते, पाणी पिण्याचं भान नाही, अशा मुलाला रिंगर लॅक्टेट किलोला १०० मिली. वर्षाखाली असेल तर त्यातले ३० मिली एका तासात आणि ७० पाच तासांत. वर्षावरच्याला ३० अर्ध्या तासात, ७० अडीच तासांत. म्हणजे पहिला हप्ता तुमच्याकडे, उरलेलं गाडीत. शीर मिळत नसेल आणि मूल पुरतं कोसळलं असेल तर नडगीच्या हाडात सुई घाला. गुडघ्याखालच्या उंचवट्यापासून एक बोट खाली, आतल्या सपाट बाजूला. खास सुई नसेल तर पाठीतून पाणी काढायची जाड सुई चालते. पहिल्यांदा करताना कसंतरी होतं, पण मिनिटभरात होतं, आणि जे शिरेतून जातं ते सगळं तिथूनही जातं. तेही जमलं नाही तर नाकातून नळी घालून ओआरएस, तासाला किलोमागे २० मिली.

पण तापाने फणफणलेल्या, धाप लागलेल्या प्रत्येक मुलाला तसंच भराभर सलाईन? नको. २०११ साली आफ्रिकेत ३,१४१ मुलांवर झालेल्या अभ्यासात, ताप आणि रक्ताभिसरण बिघडलेल्या ज्या मुलांना भराभर सलाईन दिलं त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. आपली परिस्थिती हुबेहूब तशी नाही, पण आपल्याकडेही व्हेंटिलेटर हाताशी नसतोच. किलोला १० मिली द्या, थांबा, पुन्हा बघा. यकृत खाली उतरलंय का, छातीत खरखर वाढली का, हात गरम झाले का. कुपोषित मुलाला तर आणखी जपून. त्याचं हृदय एवढं पाणी ओढू शकत नाही, आणि सुरकुतलेली कातडी बघून सुकलंय असं वाटतं ते बऱ्याचदा फसवं असतं.

आता आपल्या भागातली तीन दुखणी, पुस्तकात जी शेवटच्या पानांवर असतात आणि तुमच्याकडे दर मोसमात येतील.

विंचू. नुसतं दुखत असेल तर पॅरासिटामॉल, चावल्या जागी भूल आणि लक्ष ठेवणं. पण घामाने अंग भिजलंय, हातपाय गार, उलट्या, मुलग्याचं लिंग ताठ झालंय, तर विष अंगात भिनलंय, आणि काही तासांत फुप्फुसात पाणी होऊ शकतं. तिथे प्राझोसिन. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथल्या रुग्णांवर काम करून हे औषध जगापुढे आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. किलोला ३० मायक्रोग्रॅम तोंडावाटे, तीन तासांनी पुन्हा, मग गरजेप्रमाणे सहा-सहा तासांनी. गोळी साधी हवी, हळूहळू विरघळणारी नको. दिल्यावर मुलाला आडवंच ठेवा, आईने कडेवर उभं धरलं की रक्तदाब उतरतो. सलाईनची बाटली जोरात सोडू नका. विंचवाची प्रतिलस, म्हणजे विषावरचा उतारा, असेल तर तीही द्या. स्टेरॉइड आणि ॲलर्जीचं इंजेक्शन इथे उपयोगाचं नाही, तरी सवयीने ते आधी दिलेलं असतं.

साप. जमिनीवर झोपलेलं मूल पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठलं, ओकलं, आणि थोड्या वेळाने पापण्या जड झाल्या, तर मण्यार डोक्यात आली पाहिजे, दाताची खूण सापडो न सापडो. घोणस-फुरशात रक्त गोठत नाही. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवा आणि मग तिरकी करून बघा. लक्षणं असतील तर प्रतिलसीच्या पहिल्या दहा कुप्या तुमच्याकडेच सुरू करा. मुलाचं वजन निम्मं म्हणून कुप्या निम्म्या, असं करायचं नाही: सापाने विष मोजून कमी घातलेलं नसतं. प्रतिलसीची ॲलर्जी आली तर म्हणून ॲड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून शेजारी ठेवा.

तिसरं म्हणजे औषध. तासगाव, कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागेत मारायचं औषध थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवतात आणि मूल ते पितं. बाहुल्या टाचणीएवढ्या, तोंडातून लाळ, छातीत घरघर, नाडी मंद. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, स्वतः हातमोजे घाला. ॲट्रोपिन किलोला ०.०५ मिलिग्रॅमने सुरू करून दर पाच मिनिटांनी दुप्पट करत जा, छाती कोरडी होईपर्यंत. बाहुल्यांकडे बघून डोस ठरवू नका. यात एका मुलाला ट्रॉलीतल्या सगळ्या अँप्युल लागू शकतात. संपतील म्हणून हात आखडता घेण्यापेक्षा शेजारच्या दवाखान्यातून मागवा. आणि बाटली मुलाबरोबर पाठवा, रिकामी असली तरी. रॉकेल प्यायलं असेल तर मात्र ओकायला लावू नका आणि पोट धुऊ नका.

आता गाडी. १०८ सुरुवातीलाच बोलवा, ती येईपर्यंतच वरचं सगळं होतं, म्हणजे वेळ वाया जातच नाही. वडापच्या जीपने किंवा कुणाच्या ओम्नीने पाठवायची वेळ आलीच तर सिस्टर किंवा तुम्ही स्वतः सोबत जाता येईल का बघा, निदान श्वास थांबू शकेल अशा मुलाला तरी. ऑक्सिजनचा सिलिंडर किती भरलाय ते निघण्याआधी बघा. सुई नीट चिकटवा, वर फळी बांधा. निघालेली सुई चालत्या गाडीत पुन्हा लागत नाही. बाळाला गुंडाळा, डोक्याला टोपी. आई मुलाबरोबर मागे बसेल, पुढे नाही.

आणि फोन करा, गाडी सुटण्याआधी. एका ठिकाणाहून मध्यंतरी आमच्याकडे बेशुद्ध मूल आलं, त्याच्या चिठ्ठीवर 'पुढील उपचारासाठी पाठवत आहे' एवढंच होतं. आकडी आली होती का, किती वाजता, मिडाझोलाम दिलं का, किती, काही कळेना, वडील म्हणाले, "नाकात काहीतरी घातलं." म्हणजे दिलं असावं. पण आणखी द्यायचं की नाही हे आम्हाला अंदाजाने ठरवावं लागलं. चिठ्ठीवर वजन, साखर, काय दिलं, किती दिलं आणि घड्याळातली वेळ, एवढं असलं तरी पुरे. निदान नाही लिहिलं तरी चालेल.

नातेवाईकांचं. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री अडीच वाजता तो भिंतीवरच्या फलकाइतकाच कामाचा. लोक बहुतेक वेळा उशिरावर चिडत नाहीत, आत काय चाललंय ते कळत नाही यावर चिडतात. आईला बाहेर काढू नका. ती मुलाचे हात धरेल आणि मूल निम्मं शांत होईल. अगदी छाती दाबायची वेळ आली तरी एका पालकाला आत राहू द्या, सिस्टरला दोन वाक्यं सांगत राहायला सांगा. बाहेरच्या घोळक्यातून एकच माणूस निवडा, बहुधा मामा किंवा चुलता असतो, आणि दर पाच मिनिटांनी त्यालाच सांगा. वडिलांना काम द्या: ऑक्सिजनची नळी धरा, घड्याळ बघा, १०८ कुठपर्यंत आली ते विचारा. "काही नाही, घाबरू नका" हे म्हणू नका, कारण पुढच्या वाक्यात तुम्ही मिरजेला न्यायला सांगणार असता. पूर्व जतमधली बरीच कुटुंबं कन्नड बोलतात. सिस्टरला किंवा शिपायाला येत असेल तर महत्त्वाचं त्यांच्याकडूनच सांगवा.

कुणाला पाठवायचं नाही हेही तुम्ही विचारायला हवं होतं. तापातली आकडी आली, पाच मिनिटांच्या आत थांबली, तासाभरात मूल डोळे उघडून आईला ओळखतंय, पाणी पितंय, मान ताठ नाही, वय सहा महिने ते पाच वर्षांच्या मधलं: रात्रभर तुमच्याकडेच ठेवा. सकाळी तापाचं कारण शोधा. कुत्र्यासारखं खोकणारं, पण शांत बसलेलं असताना घशातून आवाज न येणारं मूल: डेक्सामेथासोनचा एक डोस तोंडावाटे, किलोला ०.१५ ते ०.६ मिलिग्रॅम, आणि घसा बघायला जीभ दाबू नका. कॉटवरून पडलेलं, लगेच रडलेलं, न ओकलेलं, खेळणारं: चार-सहा तास नजरेसमोर. शेंगदाणे खाताना अचानक ठसका लागून नंतर शांत झालेलं मूल मात्र पाठवा, एक्स-रे चांगला दिसला तरीही. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही आणि दुर्बिणीने काढावाच लागतो. चपटी बटण बॅटरी गिळलेलं तर तात्काळ, वर्षावरचं असेल आणि बारा तासांच्या आत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध चाटवत. ती अन्ननलिकेत अडकली असेल तर दोन तासांत जाळायला लागते, म्हणून यात मी सुरुवातीला सांगितलेली पंधरा मिनिटंही घेऊ नका, आधी गाडी सोडा आणि मग आम्हाला फोन करा.